हक्क सोडण्याआधी तो हातात यावा

पिरंगुटमध्ये ८ मार्च आता जोरात साजरा होतो. कंपन्यांच्या गेटवर कामगार बायकांना गुलाबाचे फूल मिळते, शाळेत मुली नऊवारी नेसून सावित्रीबाई होतात आणि संध्याकाळी एखाद्या मंगल कार्यालयात व्याख्यान असते. व्याख्यानाचा सूर ठरलेला: बाई शिकली आणि पुढे गेली. आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई, डॉ. रुखमाबाई ही नावे ओळीने घेतली जातात. तिघींच्याही आयुष्याचे सार 'शिक्षण आणि धैर्य' या दोन शब्दांत सांगितले जाते आणि आभारप्रदर्शन होते.

हा समज मला उथळ वाटतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि नेमका आपल्या सोयीचा अर्धा आहे. माझे म्हणणे असे: बाईला 'नाही' म्हणता येण्यासाठी शिक्षण लागते, धैर्य लागते, पण त्या दोन्हींच्या खाली तिच्या स्वतःच्या नावाची मिळकत लागते. घर, जमीन, पैसा, काहीही, पण दुसऱ्याच्या मर्जीवर नसलेले. स्त्रीहक्कांच्या इतिहासातला शिक्षणाचा भाग आपण पाठ केला आणि मिळकतीचा भाग गाळला. गाळण्याचे कारणही उघड आहे. बहीण शाळेत गेली तर भावाचे काही कमी होत नाही. बहिणीला जमीन दिली तर होते.

१. रुखमाबाईंच्या नकाराखाली काय होते

रुखमाबाईंचा खटला आपल्याला बालविवाहाचा खटला म्हणून माहीत आहे. जन्म १८६४. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न. त्या सासरी गेल्याच नाहीत, आईच्या आणि सावत्र वडिलांच्या, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रुखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने होते.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण या गोष्टीची सुरुवात लग्नाच्या आधीची आहे. रुखमाबाईंचे जन्मदाते वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असताना वारले. आई जयंतीबाई पोरवयातच विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, पण त्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर केली. याला महत्त्व का, ते १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा वाचला की कळते. त्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्नाची मुभा दिली आणि त्याच कागदावर असेही लिहिले की पुनर्विवाह केला की मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. सुधारणेच्या कायद्यातच हे कलम होते. एका तरुण विधवेने ते ओळखले आणि मिळकत आपल्या हातातून निसटण्याआधी लेकीच्या हाती ठेवली.

म्हणजे १८८४ मध्ये दादाजींनी कोर्टाकडे मागितली ती नुसती बायको नव्हती, मिळकत नावावर असलेली बायको होती. त्यांचा डोळा या मिळकतीवर आहे असे रुखमाबाईंच्या बाजूने तेव्हाच उघड म्हटले गेले. खटला चार वर्षे चालला. वकील, अपील, वर्तमानपत्रांतली वादावादी, आणि शेवटी १८८८ मध्ये तडजोड: दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. त्यानंतर रुखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य घालवले. आता हीच मुलगी रिकाम्या हाताची असती, सावत्र बापाच्या नुसत्या उपकारावर असती, तर चार वर्षे कोर्टात टिकली असती का? बुद्धी तीच असती, जिद्द तीच असती. पण अशी बुद्धी आणि जिद्द असलेल्या कितीतरी मुली त्या काळात निमूटपणे सासरी गेल्या, आणि त्यांचा खटला उभाच राहिला नाही.

मला या प्रकरणात जयंतीबाई सर्वांत मोठ्या वाटतात. त्यांचे नाव आपल्या व्याख्यानांत येत नाही.

२. न्यूयॉर्कच्या पाच सह्या

हे फक्त आपल्याकडचे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या स्त्रीहक्कांच्या चळवळीची गोष्ट आपण १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या परिषदेपासून आणि मताच्या हक्कापासून सांगतो. पण तिथेही सुरुवातीच्या लढायांपैकी एक मिळकतीची होती, आणि ती लढणारी बाई जन्माने अमेरिकन नव्हती.

अर्नेस्टीन रोझ १८१० मध्ये पोलंडमध्ये एका ज्यू धर्मगुरूच्या घरी जन्मली. ती सोळा वर्षांची असताना आई वारली आणि आईची मिळकत तिच्याकडे आली. बापाने तिचे लग्न ठरवले आणि करारात असे घातले की मुलीने लग्न मोडले तर ही मिळकत नवरदेवाकडे जाईल. मुलगी स्वतः दिवाणी न्यायालयात गेली, स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि जिंकली. आणि मग तिने एक गोष्ट केली जी मला अनेक वर्षे विसरता आलेली नाही: जिंकलेल्या मिळकतीतला मोठा भाग तिने बापाला देऊन टाकला, थोडे पैसे जवळ ठेवले आणि घर सोडले.

हक्क आधी हातात घेतला. मग त्यातला सोडला. क्रम असा होता, आणि माझ्या या लेखाचा जीव त्या क्रमात आहे.

१८३६ मध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली. त्या राज्यात लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची होत असे. ते बदलणारे विधेयक त्याच वर्षी विधिमंडळापुढे आले होते. त्याच्या पाठिंब्यासाठी रोझबाईंनी दारोदार फिरून अर्जावर सह्या मागितल्या. कित्येक महिने फिरून त्यांना पाच सह्या मिळाल्या. बायकाच म्हणत, आम्हाला हक्क पुरेसे आहेत. पुढे एलिझाबेथ कॅडी स्टँटनसारख्या जणी सोबत आल्या, बारा वर्षे अर्ज जात राहिले आणि एप्रिल १८४८ मध्ये कायदा झाला. सेनेका फॉल्सची परिषद त्यानंतर तीन महिन्यांनी भरली. तरी बाईची मजुरी नवऱ्याचीच राहिली होती. तिच्या कमाईवर तिचा हक्क न्यूयॉर्कने १८६० मध्ये मान्य केला. साऱ्या देशात मताचा हक्क यायला १९२० उजाडले.

त्याच १८४८ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. दोन शहरांत एकाच वर्षी दोन दारे उघडली. शाळेचे दार आपल्या लक्षात राहिले. मिळकतीचे दार आपल्याकडे उघडायला आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ गेला.

३. रमाबाईंनी अमेरिकेतून काय आणले

पंडिता रमाबाईंबद्दल आपण दोनच गोष्टी बोलतो: त्यांची विद्वत्ता आणि त्यांचे धर्मांतर. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तीनएक वर्षे अमेरिकेत राहिल्या. तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिले. अमेरिकेत त्यांच्या नजरेत विशेष भरल्या त्या बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या संस्था, ज्यांचा पैसा आणि निर्णय बायकांच्या हाती होता. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीची हमी दिली.

दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न रमाबाईंनी पहिल्या दिवसापासून मनात धरलेला दिसतो. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले, पुढच्या वर्षी पुण्यात आले. १८९३ च्या धर्मांतराच्या वादात रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुण्याने पाठ फिरवली तरी संस्था बंद पडली नाही. कारण रमाबाईंनी आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्या याच जमिनीवर. पुढे तिथे छापखाना चालला, तेलघाणी चालली, माग चालले.

रमाबाईंच्या धर्माबद्दल ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. पण समाजाने एका विधवेला वाळीत टाकल्यावर तिच्या पायाखाली स्वतःची जमीन होती म्हणून ती उभी राहिली, हे तिच्या टीकाकारालाही नाकारता येणार नाही.

४. नऊ एकरांचा हिशेब

कायदा आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला. १९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क मिळाला. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले, ते रखडले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा झाला, तेव्हा सर्वांना वाटले की लेकीला समान वाटा मिळाला. तो किती समान होता, ते आकड्यांत पाहू.

समजा वडिलोपार्जित नऊ एकर आहेत. बाप, दोन मुलगे, एक मुलगी. आई आधी वारलेली. १९५६ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा फक्त मुलग्यांना. त्यामुळे आधी बाप आणि दोन मुलगे असे तीन-तीन एकरांचे तीन वाटे पडले. बाप गेल्यावर त्याचे तीन एकर तीन मुलांत सारखे वाटले. मुलीला एक एकर आला. प्रत्येक मुलग्याला चार आले. याला कायद्याच्या पुस्तकात वारसाहक्क म्हणत.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला जन्मजात हिस्सा दिला, पण तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ मध्ये केंद्राने ही अटही काढली. बाप २००५ मध्ये हयात असलाच पाहिजे का, हा वाद ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हिस्सा जन्माने आहे, बापाच्या हयातीवर तो अवलंबून नाही. आता त्याच नऊ एकरांत बहिणीला तीन आणि प्रत्येक भावाला तीन. एका एकराचे तीन झाले.

कागदावर झाले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशात बाईच्या हाती असलेली शेतखाती जवळपास १४ टक्के होती.

५. पौडची सही

कायदा आणि प्रत्यक्ष खाती यांच्यातले अंतर कुठे पडते, हे मी पाहिले आहे, म्हणून सांगतो. आमच्या मुळशी तालुक्यात ते पौडला, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, एका कागदावर पडते. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. मराठीत इतके सरळ नाव असलेला दस्त दुसरा नसेल.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या दोन आत्यांनी तो केला, तेव्हा मी ओळखदार म्हणून सोबत होतो. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित जमिनीचा हक्क सोडायला मुद्रांक नाममात्र लागतो, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नव्हता. आत्यांना घरून जीप पाठवली होती. दस्त दोन पानांचा, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि शेवटी 'राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' ही ओळ. थोरल्या आत्याने सही केली. धाकटीला अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितले. खुरपून आणि भात लावून तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. यंत्राने तीनदा ठसा नाकारला. तिने अंगठा पदराला पुसला, चौथ्यांदा ठेवला, तेव्हा उमटला. कॅमेऱ्याकडे बघा म्हटल्यावर तिने कॅमेऱ्याकडे पाहिले. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "झालं ना रे?" दुपारी दोघींना साड्या दिल्या, जेवू घातले, जीपने परत सोडले. पुढे फेरफार मंजूर झाला आणि उताऱ्यावरून त्यांची नावे गेली. त्यातले अकरा गुंठे आम्ही नंतर विकले. त्या पैशांवर बांधलेल्या घरात बसून मी हे लिहितो आहे.

कोणी तिला धमकावले नव्हते. पण तिचा वाटा किती, आजच्या भावाने त्याची किंमत किती, हे तिला कोणी सांगितलेही नव्हते. मीही नाही. मला ते माहीत होते.

६. जे म्हटले जाते

*'बहिणी स्वखुशीने सोडतात.'* जी वस्तू हातात कधी आलीच नाही, ती कोणी सोडत नसते. ती न घेण्याची फक्त संमती देते. अर्नेस्टीन रोझने बापाला दिले ते दान होते, कारण आधी तिच्या हाती निकाल होता. बहिणीचे नाव आधी कब्जेदाराच्या रकान्यात चढू दे, तिचा वाटा मोजून तिला दाखवला जाऊ दे, आणि वर्षभराने तिला वाटले तर तिने भावाला द्यावा. त्या दानाला मी हात जोडेन. आज मात्र अनेक घरांत बहिणींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात पडून असतात, आणि गिऱ्हाईक आले, वकिलाने शोध घेतला, सही हवी झाली, की त्यांची आठवण होते.

*'लग्नात दिलेच की.'* लग्नाचा खर्च हा बहुतेक जेवणावळीवर, मांडवावर आणि व्याह्यांच्या मानपानावर होतो. त्यातले बाईच्या नावावर काय राहते? आणि मुलाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कोण वजा करतो?

*'जमिनीचे तुकडे पडतील.'* घाटमाथ्यावर भाताची चार खाचरे कसणाऱ्याने हे म्हटले तर मी ऐकून घेईन. त्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावर वाटा पैशांत देण्यासारखे मार्ग शोधावे लागतील. पण चांदणी चौकापासून भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा या रस्त्यावर जमीन गुंठ्यांनी विकली जाते. परक्यासाठी तुकडे चालतात, बहिणीसाठी चालत नाहीत, असा हा युक्तिवाद आहे.

*'बायका आता कंपनीत कमावतात, जमीन हवी कशाला?'* हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, कारण तो सुशिक्षित माणूस घेतो. पगार महत्त्वाचा आहेच. पण इथल्या बहुतेक बायका कंत्राटी आहेत आणि काम सुटले की पुढच्या महिन्यात हातात काही नसते. ७ जून २०२१ रोजी आमच्या शेजारच्या उरवड्यात एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार गेले. त्यांत बहुतेक बायका होत्या. धोका दिसत असताना काम नाकारायचे तर कामाशिवाय दोन महिने काढता यावे लागतात. ते बळ पगार देत नाही, पाठीशी असलेले काहीतरी देते. घराच्या आतही तेच. प्रदीप पंडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन आणि घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या बायकांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा विचार प्रत्येक बापाने करावा.

*'माहेर तुटेल.'* हे आत्या स्वतः म्हणते, म्हणून याला उत्तर देताना जीभ अडखळते. नवऱ्याने टाकले, सासू-सासरे फिरले, तर परत यायला एक दार असावे, या भीतीने ती सही करते. पण मग ते दार कशाने उघडे राहते हे तरी बघू. जे माहेर बाईने हक्क सोडला तरच उघडे राहते, त्यात ती भावाच्या मर्जीनेच राहणार. आणि मर्जी पुढच्या पिढीत बदलते. भाऊ गेल्यावर भाच्यांच्या दारात आत्या किती वेळा येते, ते आपापल्या घरात मोजावे.

७. मुळशीला हे नवे नाही

या तालुक्याला जमिनीचा अर्थ कोणी शिकवायला नको. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे उठले, पां. म. बापट इथेच 'सेनापती' झाले, बायकाही त्या सत्याग्रहात उतरल्या. शेतकऱ्यांना तेव्हा मोबदला घ्या आणि उठा असेच सांगितले जात होते. त्यांचे उत्तर होते की जमीन गेली की आमचे या गावात उभे राहणेच गेले. शंभर वर्षांनी आपण तेच वाक्य बहिणीच्या तोंडून ऐकायला तयार नाही. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आल्यावर जमीन विकून भरकटलेल्या पोरांवर चावडीवर चर्चा झाल्या. त्या सातबाऱ्यांवर लेकींचाही वाटा होता, हा मुद्दा त्या चर्चांत मी एकदाही ऐकला नाही.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन भरले, त्यातून लक्ष्मीमुक्तीची कल्पना पुढे आली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये सरकारने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा निर्णय काढला. कोर्ट नाही, भांडण नाही. नवऱ्यांनी दिली, तशी भावांनाही देता येईल.

उतारा आता मोबाईलवर पाहता येतो, तलाठ्याकडे जावे लागत नाही. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक भावाला माझी विनंती आहे: आज रात्री आपल्या घरचा सातबारा उघडा, बहिणीला फोन लावा आणि तिचा वाटा किती गुंठे होतो, तो आकडा तिला सांगा. मी माझ्या आत्यांना तो गेल्या दिवाळीत सांगितला. थोरली काही बोलली नाही. धाकटीने तो आकडा मला पुन्हा सांगायला लावला.